पाचव्या पुलावर कोण जातं?

६ जानेवारी

नोकरी लागली. तीन महिने परीक्षेचे, पटलं तर कायम. लिफ्टच्या कंपनीने “तुमची फार आठवण येईल” म्हणून निरोप दिल्यापासून कुणालाच माझी आठवण आलेली नव्हती, त्यामुळे मी अटी धड वाचल्यासुद्धा नाहीत. काम तेच, टेस्टरचं. फक्त लिफ्टच्या जागी व्हिडिओ गेम. ‘सात पूल’ नावाचा एक जुना, भयंकर गाजलेला गेम ही छोटीशी कंपनी नव्या मशीनसाठी पुन्हा बनवते आहे. मी तो कधीच खेळलेली नाही असं मुलाखतीत सांगितलं, तर बॉस म्हणाला, “उत्तम! आम्हाला ताजी नजरच हवीय.” आणि माझ्याकडे इतक्या दयेने बघितलं, की मला वाटलं आता खिशातून काहीतरी काढून हातावर ठेवतो.

घरी गेमचं नाव सांगितलं तर नवऱ्याचे डोळे भरून आले. लग्नात आले नव्हते.

“तुला कळतंय का तुला काय मिळालंय ते? माझं अख्खं बालपण आहे त्या गेममध्ये.”

“तुझं बालपण शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेलं,” आतल्या खोलीतून सासूबाई. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या पलंगावर असतात, पण कान घरभर फिरतात. नवऱ्याने ऐकलंच नाही असं दाखवलं.

ही नोकरी टिकलीच पाहिजे. पुन्हा घरी बसायची वेळ आली तर सासूबाईंबरोबर शब्दकोडी सोडवून एक तर मी वेडी होईन, नाहीतर त्या.

९ जानेवारी

खेळले. देवा रे.

गेम असा आहे. एक निरोप्या आहे. त्याला राजाला पत्र पोचवायचंय. वाटेत सात पूल. निरोप्या चालतो. बास. चालतो. पहिल्या पुलावर सुरेख संगीत वाजतं, दुसऱ्यावर धुकं पडतं, तिसऱ्यावर एक गृहस्थ कोडं घालतो आणि आपण उत्तर दिलं की म्हणतो, ‘असेलही.’ पाचव्यावर एक म्हातारी बसलेली असते. तिला तहान लागलेली असते आणि पाणी असतं पहिल्या पुलाखाली. बाकीचे पूल काय हौस म्हणून बांधलेत का, हे विचारायची सोय नाही. आपण मुकाट्याने उलटं पहिल्या पुलाशी जायचं, घडा भरायचा आणि पुन्हा पाचव्याशी यायचं. पळालं तर पाणी सांडतं. म्हणून चालत.

घडा घेऊन मी तिसऱ्या पुलापर्यंत आले आणि माझा जीव मेटाकुटीला आला. तेवढ्यात आमची चित्रकार मुलगी मागे येऊन उभी राहिली, हात छातीशी घेऊन. “पहिल्यांदाच खेळताय ना? मला तुमचा इतका हेवा वाटतो!” म्हटलं, मग बस की इथे, घे तू, मी चहा पिऊन येते. तर दोन पावलं मागे सरली. “नको नको. मला नाही झेपणार आज. फार आत लागतं ते.” आणि गेली. किती हळवी पोर! मी गेम बंद केला आणि घरी आले.

१५ जानेवारी

एका गोष्टीची आता खात्री झाली. मला हा गेम आवडत नाही. नुसता आवडत नाही असं नाही, त्याचं संगीत वाजलं की माझ्या कपाळावर आठी पडते. आणि ही गोष्ट या वहीखेरीज कुठेही बोलायची सोय नाही. बॉसच्या टेबलावर निरोप्याचा पितळी पुतळा आहे. येता-जाता तो त्यावर बोट फिरवतो. मी बॉसचं नाव भक्तराज ठेवलंय.

आज जेवताना शेवटाचा विषय निघाला. भक्तराज डोळे मिटून म्हणाले, “राजा पत्र उघडतो… आणि ते कोरं असतं.” चित्रकार म्हणाली, “पण राजा तर आधीच गेलेला असतो ना?” मग भक्तराज हसले. “ज्याला जसा दिसेल तसा.” सगळ्यांनी माना डोलावल्या. घरी नवऱ्याला विचारलं, तर त्याच्या मते ती म्हातारीच निरोप्याची आई निघते. एकाच गेमला इतके शेवट! करणाऱ्यांची कमाल आहे. तपासायचे मात्र सगळे मलाच.

२२ जानेवारी

आज पहिला मोठा बग, म्हणजे गेममधला दोष, नोंदवला: ‘पात्राची चाल असह्य संथ.’ भक्तराजांनी सगळ्यांना गोळा केलं आणि तो मोठ्याने वाचून दाखवला. मग मला म्हणाले, “ताई, संथपणा हा बग नाही. तो या गेमचा आत्मा आहे.”

लिफ्टमध्ये चौथा मजला दाबला की चौथा मजला यायचा. मध्ये आत्मा नव्हता, त्यामुळे माणसं वेळेवर घरी जायची. इथे दार दुसऱ्यांदा वाजवल्यावरच उघडतं: आत्मा. पाट्यांवरची अक्षरं उलटी दिसतात: आत्मा. एक बोकड अर्धा भिंतीत शिरून ओरडत राहतो: तर तो म्हणे खास आत्मा, त्याच्या चित्राचे शर्ट विकले जातात.

आमचा प्रोग्रामर कोपऱ्यात बसून हसत होता. तो दिवसाकाठी चार शब्द बोलतो. मी त्याला मौनीबाबा म्हणते.

३० जानेवारी

मौनीबाबा आज आपणहून माझ्या टेबलाशी आला. इकडेतिकडे बघून म्हणाला, “चाल जरा वाढवलीय. अगदी थोडी. कुणाला कळणार नाही.” मी त्याला दंडवत घालायचीच बाकी होते. त्यावर कडी म्हणजे, त्याने मला एक बटण करून दिलं. ते दाबलं की मी हव्या त्या पुलावर, हवं ते सामान घेऊन हजर. पाचवा पूल हवा? दाबा बटण. हातात काठोकाठ भरलेला घडा, समोर म्हातारी. ती घटाघटा पिते, मी पुढच्या पुलावर.

टेस्टर लोक असंच करतात. लिफ्ट तपासताना काय दर वेळी जिने चढायचे?

१२ फेब्रुवारी

शेवट बघितला. बटणं दाबत सातवा पूल ओलांडला, राजवाड्याचं दार आलं. पहारेकरी म्हणाला, ‘महाराज आराम करताहेत. पत्र इथे ठेवा.’ निरोप्याने पत्र एका चौथऱ्यावर ठेवलं. तिथे आधीचीच ढीगभर पत्रं पडलेली. संपलं. नावं वर सरकायला लागली.

मी पुन्हा बघितला. तेच. कोरं पत्र नाही, मेलेला राजा नाही, कुणाची आई नाही. काहीतरी माझंच चुकत असणार. वाटेत कुठेतरी दुसरा रस्ता फुटत असेल आणि तो माझ्यासारख्या अरसिक बाईला दिसत नसेल. भक्तराजांना विचारायची हिंमत झाली नाही. परीक्षेचे महिने चालू असताना आपलं अडाणीपण आपण होऊन दाखवू नये.

२ मार्च

गेम बाजारात गेला. काल मी शेवटच्या पानावर ‘संपूर्ण तपासला’ म्हणून सही केली. भक्तराज खूश आहेत. म्हणाले, “महिनाअखेरीला तुमचं कायमचं पत्र तयार ठेवतो.” मला इतकं हलकं वाटलं, की घरी येताना उगीच केक घेतला.

रिव्ह्यू धो धो येताहेत. दहापैकी दहा. नवऱ्याने स्वतःचा एक लांबलचक लेख टाकला, ‘सात पुलांनी मला माणूस केलं’. गेम मात्र त्याने पहिल्या पुलापर्यंतच खेळला, संगीत वाजेपर्यंत. मग “आज नको, मन भरून आलं” म्हणून बंद केला.

७ मार्च

सासूबाईंची शब्दकोडी संपली. नवऱ्याने त्यांच्या पलंगासमोर टीव्हीचा पडदा लावून ‘सात पूल’ चालू करून दिला आणि मला म्हणाला, “बघ, आईसुद्धा रडेल.”

सासूबाई रडल्या नाहीत. त्यांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. चष्मा नाकावर ओढून म्हणाल्या, “याला गाडीघोडा काही नाही का? बरं, चालू दे. मला चालता येत नाहीये, हा तरी चालेल.” दुपारभर चालल्या. संध्याकाळी मी विचारलं, कसा आहे? “कंटाळवाणा आहे गं. पण हातात घेतलंय ना.”

१३ मार्च

ऑफिसातून आले तर सासूबाईंचा चेहरा फुगलेला.

“तुमच्या म्हातारीला पाणी पोचत नाही.”

“आई, पळू नका. पळालं की सांडतं.”

“मी पळतेय? मी?” त्यांनी गुडघ्याकडे बोट दाखवलं. “चालत जातेय. चार वेळा गेले. दर वेळी घडा रिकामा. ती आपली तिथे तहानलेली बसलीय.”

मी त्यांच्या हातातून गेमचा रिमोट घेतला आणि स्वतः निघाले. बटण नाही, काही नाही. पहिल्या पुलापासून चालत. दुसऱ्या पुलावर पाण्याचा थेंब पडलेला दिसला. तिसऱ्यावर आणखी. पाचव्यावर पोचले तेव्हा घड्यात ठणठणाट.

मौनीबाबाने चाल वाढवली होती. माझ्यासाठी. घड्याला ते कुणी सांगितलंच नाही. तो बिचारा आमचं चालणं म्हणजे पळणंच समजतो. आणि मी? मी दर वेळी बटण दाबून भरलेला घडा घेऊनच तिथे उगवले. ‘संपूर्ण तपासला.’ पाचवा पूल कुणालाच ओलांडता येणार नाही. जगात कुणालाच. आणि तक्रारही माझी, सहीही माझी.

सासूबाईंना म्हटलं, “बघते मी.” मला त्यांच्या डोळ्याला डोळा देववला नाही.

१७ मार्च

रोज सकाळी देव पाण्यात घालून ऑफिसला जाते. आज तक्रारी येणार, आज माझं बिंग फुटणार. एकही तक्रार नाही.

उलट आज एका मोठ्या समीक्षकाने लिहिलंय, ‘पाचव्या पुलावर म्हातारी ओंजळीने पाणी पिते, तेव्हा मी ढसाढसा रडलो.’ ओंजळीने? ती घड्याला तोंड लावून पिते, मी शंभरदा पाहिलंय. पण मुळात याच्या घड्यात पाणी राहिलंच कसं? म्हणजे याची प्रत चांगली दिसते. मी ऑफिसातली तीन मशीनं पालथी घातली. तिन्हींवर घडा रिकामा. एवढ्या लोकांना पाणी मिळतंय आणि नेमकं माझ्याच घरी मिळत नाही, हे कसलं नशीब? मौनीबाबाला सांगितलं. त्याने बराच वेळ पडद्याकडे पाहिलं आणि नुसतं “हं” म्हणाला.

१९ मार्च

सहन होईना. भक्तराजांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगून टाकलं. चाल, बटण, सही. म्हटलं, दुरुस्ती अर्ध्या दिवसाची आहे, पण चूक माझी आहे.

ते पांढरे पडले. मला वाटलं रागाने.

“आणि ही म्हातारी… चौथ्या पुलावर का?”

“पाचव्या.”

“तेच ते.” त्यांनी पुतळा उचलून पुन्हा खाली ठेवला. “ताई, अपडेट टाकलं की काय बदललं ते लिहावं लागतं. लोक ते अक्षर न् अक्षर वाचतात. पाचवा पूल आजवर बंदच होता असं लिहायचं? ज्यांनी रडून रडून लिहिलंय त्यांनी काय करायचं मग?”

“पण सर, कुणीतरी अडकणारच ना तिथे.”

“अहो, पाचव्या पुलावर कोण जातं?”

बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा पिपाणीसारखा आवाज येत राहिला. माझ्या डोक्यात मात्र एकेक करून दिवे लागले. कोरं पत्र. मेलेला राजा. आई निघणारी म्हातारी. “मन भरून आलं.” “फार आत लागतं.” अरे, चोरांनो! आणि मी मूर्ख, महिनाभर स्वतःला अरसिक म्हणवून घेतलं!

“कायमचं पत्र टाईप करायला सांगितलंय,” भक्तराज हळूच म्हणाले. अळीमिळी गुपचिळी, एवढाच त्याचा अर्थ. मी मान डोलावली. हो, डोलावली. पुन्हा घरी बसायची भीती अशी असते.

२४ मार्च

जगातली पहिली तक्रार आली.

भक्तराजांनी माझ्या टेबलावर छापून आणून ठेवली. “कोण बाई आहे कुणास ठाऊक. अगदी मुद्द्यांना आकडे घालून लिहिलंय.” मी पहिली ओळ वाचली आणि खुर्चीतच रुतले. ‘महोदय, आपल्या खेळातील तहानलेल्या वृद्धेस पाणी पोहोचविणे अशक्य आहे, हे मी आठ वेळा पडताळून पाहिले आहे.’ खाली सासूबाईंचं नाव. आमचं आडनाव एरवी सगळीकडे सापडतं, म्हणून ओळखलं गेलं नाही, एवढंच.

“उत्तर द्या,” भक्तराज म्हणाले. “लिहा, की घडा रिकामा पोचणं हाच त्या प्रसंगाचा गाभा आहे. तहान भागत नाही, हेच आयुष्य. वगैरे. तुम्हाला छान जमेल.”

जमलं. त्याचीच लाज वाटते. कंपनीच्या नावाने, खाली सही न करता, मी माझ्या सासूला लिहिलं की तहान हाच गाभा आहे.

२५ मार्च

आज दार उघडलं तर सासूबाई वॉकर धरून बाहेरच्या खोलीत उभ्या. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच एवढ्या लांब आलेल्या.

“तुमच्या ऑफिसचं उत्तर आलं. ऐक.” त्यांनी माझं वाक्य न् वाक्य मला वाचून दाखवलं, वर्गात वाचतात तसं, थांबून थांबून. मग कागद खाली ठेवला. “शाळेत असताना उत्तर चुकलं की काही पोरं अशीच बोलायची. ‘बाई, हे गणित सुटतच नाही, हीच त्याची गंमत आहे.’ मी त्यांना बाकावर उभं करायचे. कोण गं हा असला आगाऊ?”

“मी.”

“काय?”

“मीच लिहिलंय, आई. आणि पाणी पोचत नाही तेही माझ्यामुळेच.” मग मला रडूच फुटलं. बटणाचं सांगितलं, सहीचं, कायमच्या पत्राचं, सगळं. पुन्हा घरी बसायची किती भीती वाटते तेसुद्धा. त्या वॉकरवर रेलून ऐकत होत्या. त्यांचे पाय थरथरत होते तरी बसल्या नाहीत.

“माझ्याबरोबर घरी बसायची एवढी भीती?” त्या म्हणाल्या. मी “हो” म्हटलं. खोटं कशाला बोलायचं?

“बरं,” त्या वळल्या. “चूक सापडली आहे ना? मग दुरुस्त कर. त्यात रडण्यासारखं काय आहे?”

२७ मार्च

केली.

मौनीबाबाला म्हटलं, घडा दुरुस्त करून अपडेट टाकायचंय, भक्तराजांना न विचारता. नाव माझं लाव. तो उठला, केबिनचं दार बंद आहे ना ते पाहून आला, आणि कामाला लागला. दुपारपर्यंत झालंसुद्धा. खाली मी लिहिलं: ‘पाचव्या पुलावर घडा नेहमीच रिकामा पोचत होता. चूक टेस्टरची. दुरुस्त केली आहे.’ या वेळी मात्र आधी पहिल्या पुलापासून पाचव्यापर्यंत चालत गेले. दोनदा. भयंकर कंटाळा आला.

३१ मार्च

मला वाटलं होतं लोक चिडतील, की इतके दिवस फसवलंत. छे! मी माणसांना ओळखलंच नाही.

पहिल्या तासात सगळे म्हणाले, आम्हाला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दुसऱ्या तासात म्हणाले, आम्हाला वाटलं मुद्दाम केलंय. आणि संध्याकाळपर्यंत गहजब झाला: रिकामा घडा परत द्या! तोच तर आत्मा होता! त्या ढसाढसा रडणाऱ्या समीक्षकाने नवा लेख लिहिला, ‘त्या रिकाम्या घड्याने मला जे दिलं’. नवऱ्याने तो लेख चार जणांना पाठवला. मी हात टेकले.

आज भक्तराजांनी बोलावलं. माझं कायमचं पत्र टेबलावर होतं, सही करून. शेजारी दुसरा कागद. रिकामा घडा परत आणणारं अपडेट उद्या जाणार. त्यावर ‘संपूर्ण तपासला’ म्हणून टेस्टरची सही हवी.

“एक सही,” ते म्हणाले. “मग सगळं विसरून जाऊ.” आवाजात राग नव्हता. खरं सांगायचं तर थोडी विनवणीच होती.

पत्राकडे मी बराच वेळ बघितलं. चांगला जाड कागद होता. मग म्हटलं, “सर, तो बग आहे.” माझा डबा उचलला आणि निघाले. लिफ्टमध्ये शिरले. तळमजला दाबला. तळमजला आला.

३ एप्रिल

घरी.

सासूबाईंचं मशीन मी इंटरनेटपासून तोडून ठेवलंय, म्हणजे त्यांच्याकडे दुरुस्त झालेलाच गेम राहील. आज दुपारी त्यांनी पुन्हा घडा भरला. मला म्हणाल्या, “बस इथे. मध्येच उठू नकोस.” बसले. पहिला पूल, दुसरा, तिसरा. दोघींनाही जांभया येत होत्या. चौथ्यावर त्यांनी श्वास रोखला होता. पाचव्यावर म्हातारीने घड्याला तोंड लावलं आणि प्यायली. मी हे शंभरदा पाहिलं होतं, पण इतकं चालून कधीच नाही. सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, “पी गं बाई, सावकाश पी.”

तेवढ्यात नवरा आला. पडद्यासमोर येऊन थबकला.

“ही कोण?”

“ही?” सासूबाईंनी मान न वळवता विचारलं. “ही तुझ्या बालपणातली म्हातारी. ओळखलं नाहीस?”

नवऱ्याने चार्जर शोधायला घेतला आणि शोधत शोधत दुसऱ्या खोलीत गेला.

मग सहावा पूल, सातवा, राजवाड्याचं दार. ‘महाराज आराम करताहेत. पत्र इथे ठेवा.’ निरोप्याने पत्र ढिगावर ठेवलं आणि नावं वर सरकायला लागली. सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“एवढंच?”

“एवढंच, आई.”

“एवढ्यासाठी मी महिनाभर चालले?”

“हो.”

“अगं, किती वाईट खेळ आहे हा!”

मी इतकी हसले, की डोळ्यांत पाणी आलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग त्याही हसायला लागल्या, गुडघा धरून. बराच वेळ आम्ही दोघी त्या गेमला शिव्या घालत बसलो. चालीला, कोडं घालणाऱ्या गृहस्थाला, बोकडाला, झोपलेल्या राजाला. एकेक करून, मनसोक्त. संध्याकाळ कधी झाली कळलंच नाही, आणि दिवा लावायला दोघींपैकी कुणीच उठलं नाही.